तांबडी उशिरा पोचली

पोटातले सगळे एकमेकांशी बोलत असत, त्या काळची गोष्ट. एका पोटात गाठ झाली. घाईने वाढताना तिने रक्ताच्या गल्ल्या इतक्या वाकड्या बांधल्या की मधोमध प्राणवायूच पोचेना. तिथे गाठीचीच एक म्हातारी पेशी अर्धमेली पडून होती.

गाठ जाळायला किरण आला. रक्तातल्या तांबड्या पेशीला तो म्हणाला, "तांबडीताई, प्राणवायू असला तरच माझा घाव पक्का बसतो, नाहीतर जखम भरून येते. तेवढा म्हातारीपर्यंत पोचव. ती एकटी उरली तरी गाठ पुन्हा उभी राहील."

"दादा, वाट कुठाय? गल्ली मध्येच बुजलीये."

किरणाने रोज येऊन कडेच्या पेशी मारल्या. म्हातारीला लागे, पण दुसऱ्या दिवशी ती बरी होई. नेमलेल्या पाळ्या संपल्या, गाठ सुपारीएवढी उरली. पोटाने किरणाचा सत्कार केला. पोटाला सत्काराची फार हौस.

"म्हातारी आहे अजून," तांबडी म्हणाली.

"शुभप्रसंगी असं बोलू नये," जठर म्हणाले. किरण निघून गेला.

मेलेल्या पेशी वाहून गेल्या, तशी गल्ली मोकळी झाली. तांबडी आत पोचली. समोर येईल त्याला प्राणवायू द्यायचा, नाव विचारायचे नाही, हा तिच्या कुळाचा धर्म.

"ये गं बाई, किती वाट पाहिली!" म्हातारी म्हणाली.

"दादा!" तांबडी ओरडली. कोणी आले नाही. मग तिने धर्माप्रमाणे ओझे उतरवले.

म्हातारीने दीर्घ श्वास घेतला आणि एकीच्या दोघी झाल्या.