जाड तार

गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही. डोंगरावर एक गाव होतं. गावाजवळच्या पठारावर चारा भरपूर, पण कडेला खोल दरी. संध्याकाळी धुकं उतरलं की हातभर अंतरावरचं दिसायचं नाही. म्हणून गुरं परतायच्या वेळी एक म्हातारा वेशीवरच्या ओट्यावर बसून वीणा वाजवायचा. रोज तेच एक गाणं. त्या आवाजाच्या रोखाने गुरं घरी यायची.

पुढे म्हाताऱ्याच्या बोटांचे सांधे आखडू लागले. तेव्हा त्याने सुनेला समोर बसवलं.

"अंगठ्याने ही जाड तार छेडायची, एकसारखी. बोटांनी बारीक तारांवर गाणं वाजवायचं. अंगठा म्हणजे जातं आणि बोटं म्हणजे ओवी. ओवी गाताना जातं थांबवतेस का?"

सुनेला ते पटलं, पण हात ऐकेनात. बोटं चालली की अंगठा थांबायचा. अंगठा चालला की बोटं अडखळायची. बोटांना फोड आले आणि ती वैतागली.

"मामंजी, हे डुंग डुंग कोण ऐकतं? गाणं तर बोटांत आहे."

"आधी नुसता अंगठा चालव," म्हातारा म्हणाला. "कंटाळा येईपर्यंत. मग कंटाळा जाईपर्यंत."

कंटाळा तिला लगेच आला, आणि तिथेच तिने अंगठ्याला रजा दिली. सासऱ्यांचा डोळा लागला की ती नुसती बोटं फिरवायची. गाणं भरभर येऊ लागलं. पाणवठ्यावरच्या बायका घागरी खाली ठेवून ऐकत राहायच्या. तिला फार बरं वाटायचं, आणि का वाटू नये?

एके दिवशी म्हातारा तापाने फणफणला. संध्याकाळी सून पहिल्यांदाच एकटी ओट्यावर बसली. धुकं दाट होतं. गाणं तिने सुरेख वाजवलं, पण गुरं येईनात. तिने आणखी जलद वाजवलं.

"वहिनी, कुठं आहात?" धुक्यातून गुराख्याची हाक आली. "आवाज मधेच विरतोय. रोख कळंना."

त्या कळपात तिचं तांबडं वासरू होतं. त्याची आई गेल्यावर तिनेच त्याला दूध पाजून वाढवलं होतं. काय करावं ते सुचेना, आणि मग तिला जातं आठवलं. तिने बोटं मिटली, तोंडाने ओवी धरली आणि नुसता अंगठा चालवला. डुंग, डुंग, डुंग. अंगठा आधी डगमगला, मग ओवीबरोबर स्थिरावला. जाड तारेचा आवाज धुक्यात दूरवर गेला. थोड्या वेळाने घंटा वाजू लागल्या आणि एकेक गाय वेशीतून आत आली.

तांबडं वासरू तेवढं आलं नाही. कळपाच्या पुढे धावायची त्याला खोड होती. आवाज शोधता शोधता ते दरीच्या बाजूला गेलं होतं.

ती सासऱ्यांच्या अंथरुणापाशी बसून खूप रडली. म्हातारा रागावला नाही. तिच्या फोड आलेल्या बोटांवरून हात फिरवत एवढंच म्हणाला, "पोरी, उद्याही धुकं पडेल."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा ओट्यावर बसली. कितीतरी दिवस तिने नुसता अंगठा चालवला. पाणवठ्यावर आता कुणी घागर खाली ठेवत नव्हतं, पण गुरं वेळेवर घरी येत होती. मग कधीतरी बोटंही त्यात मिसळली, आणि तरी अंगठा थांबला नाही.

तात्पर्य: ज्या कामाचं कुणी कौतुक करत नाही, बऱ्याचदा त्याच कामावर सगळ्यांचा जीव अवलंबून असतो.