वीतभर माती

फार जुनी गोष्ट आहे. माळावरच्या टेकडीवरचं ते झाड हिवराचं होतं की बाभळीचं, हे मला बरीच वर्षं नीट आठवत नव्हतं. हिवरच म्हणू या.

टेकडीच्या पोटात खताचा दगड होता, दळून शेतात टाकायचा. टिकाव तो खणून काढी आणि दूरची शेतं पिकत. पण त्याने बुजवलेल्या पहिल्या खाणीवर तीन पावसाळ्यांत गवताची काडी उगवली नव्हती. आता हिवराची पाळी आली, तसा तो थबकला.

“काय टिकावदादा, धार गेली की धीर?” हिवराने विचारलं.

“तुला तोडलं तर टेकडी बोडकी होईल, आणि थांबलो तर शेतं उपाशी राहतील.”

“मग माझ्या मुळांखालचा दगड सोड, बाकीचा ने. पण खाण बुजवताना तू माती तळाशी लोटतोस आणि खडक वर ठेवतोस. माझं बी खडकात रुजेल का, शहाण्या? वरची वीतभर माती आधी बाजूला काढ आणि शेवटी वर पसर.”

टिकावाने तसंच केलं. पुढच्या श्रावणात नव्या खाणीवर हिरवी लव दिसली आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

झाडाच्या नावाची शंका मात्र उरली होती. कित्येक वर्षांनी मी तिथे जाऊन पाहिलं, तेव्हा बुजलेल्या खाणीवर शेळ्या सावलीला बसल्या होत्या, आणि ती सगळी झाडं हिवराचीच होती.