परीक्षेत बोललेले दोघे

रानात पाखरं वैद्यकी शिकायची तेव्हाची गोष्ट. सुतारपक्षी काटा काढायला शिकत, शिंपीपक्षी जखम शिवायला. वर्ग मात्र वेगवेगळ्या झाडांवर भरत. परीक्षेला पायात काटा मोडलेली हरणी आणली. गुरुजी होते धनेश पक्षी; त्यांनी बजावलं, "एकमेकांशी बोलाल तर नापास."

सुताराने काटा उपसला. शिंपी टाका घालायला वाकला आणि थबकला.

"अरे, टोक आत राहिलंय."

"कुठं?" सुताराने विचारलं.

"बोललात. दोघंही नापास," गुरुजी कडाडले.

"करा नापास," शिंपी म्हणाला. "गप्प बसून शिवलं तर हिचा पाय सडेल. डावीकडं बघ रे, खोल आहे."

सुताराने टोक काढलं, शिंप्याने टाका घातला. हरणी उठून उभी राहिली.

"गुरुजी," ती म्हणाली, "पुन्हा काटा रुतला तर मला हे नापासच पाठवा."