दगड झालेलं अंडं

माणसांना माहीत नसलेल्या एका टेकडीवर, फार पूर्वी, ठिपकी नावाची खुडूक कोंबडी होती. आपली अंडी सोडून ती मातीतून वर आलेल्या नारळाएवढ्या अंड्यावर जाऊन बसली. मोठ्या अंड्यातून मोठं पिल्लू येईल, असा तिचा हिशेब.

शेवटी अंडंच बोललं, "ऊठ बाई! माझा कधीच दगड झालाय. तिकडं तुझी अंडी गार पडतील."

"आधी सांग, तू कुणाचं?"

"आई मला दिसलीच नाही. पण शेजारी बघ, चिखलात तिचं पाऊल उमटलं होतं. त्याचाही दगड झालाय."

पाऊल सुपाएवढं होतं. ठिपकीनं त्यात आपला पाय ठेवला. तशीच तीन बोटं पुढं, तशीच नखं!

"अगं बाई, तू तर आमच्यातलंच की!"

ती धावत घरट्याकडं गेली. अंडी अजून कोमट होती. पंख पसरून ती म्हणाली, "लवकर या रे बाळांनो. तुमच्या थोरल्या काकानं अजून जग पाहिलं नाही. कसं असतं, ते त्याला सांगायचंय."