करवंदीचा मुका नगारा

तुमच्या आजोबांच्या आजोबांनाही मिसरूड फुटलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. अरे, मागची चुळबुळ बंद करा, नाहीतर ही मी उठले! तर आपल्या करवंदी गावच्या नदीला दोन तीर आणि दोन्ही तीरांवर एकेक गढी. दोन्ही गढीवाल्यांचं हाडवैर. लढून लढून मोठी माणसं संपली, तसे हे मेले पोरांवर उतरले. दसऱ्याला नगारा वाजायचा, गढीचा नाईक गूळ वाटायचा, पराक्रमाच्या गोष्टी सांगायचा आणि पोरं हरखून त्याच्यामागं चालू लागायची. गेलेलं एकही घरी परत आलं नाही. गौराई तांबटणीचा थोरला असाच गेला. आता धाकटा येसू तेवढा उरला होता.

त्या काळात सोनबा पंतोजी गावात आले. पायानं लंगडे. लहानपणी तेही त्यांच्या गावी असल्याच नगाऱ्यामागं गेले होते, असं म्हणतात. चिंचेखाली त्यांनी शाळा मांडली. पोरं धुळीत बोटानं अक्षरं गिरवायची. पैलतीरची पोरंही होडीतून यायची आणि आपल्या पोरांच्या मांडीला मांडी लावून बसायची.

पंतोजींची एक रीत होती. गोष्ट सांगता सांगता ते मधेच थांबायचे आणि पोरांनी "मग पुढं?" विचारल्याशिवाय तोंड उघडायचे नाहीत. म्हणायचे, "बाळांनो, गोष्ट कुणीही सांगो, शेवट कळेपर्यंत त्याचा पिच्छा सोडू नका. मी अर्ध्या गोष्टीवर घर सोडलं आणि पाय गमावून बसलो."

दसरा तोंडावर आला. गौराई पंतोजींकडे धावत आली. "पंतोजी, येसूला घरात कोंडून घालू का?"

"कोंडू नकोस, बाई. पाटीपूजेला पाठव."

दसऱ्याच्या सकाळी आपल्या तीरच्या गढीचा रायाजी नाईक स्वार आणि नगारा घेऊन घोड्यावरून थेट चिंचेखाली आला. "कोण येतो माझ्यासंगं? घोडा देतो घोडा!"

येसू टुणकन उठला. त्याला शाळेत घेऊन आलेली गौराई धरायला धावली. पण येसू म्हणाला, "मग पुढं?"

"पुढं तलवार मिळेल!"

"मग पुढं?" आता दोघं-तिघं बोलली.

"मग पैलतीर जाळू!"

पैलतीरची पोरं तिथंच तर बसली होती. तीही ओरडली, "मग पुढं?"

नाईक गडबडला. "मग... मग वीर व्हाल!"

"मग पुढं?" सगळी शाळा गरजली. येसू पुढं झाला. "नाईक, माझा दादा तुमच्यासंगं गेला. त्याचं पुढं काय झालं?"

नाईक चिडला. त्यानं नगारा वाजवायला सांगितलं. टिपरू पडलं, पण नगारा मुका! पुन्हा ठोकला, पुन्हा मुका. आणि मग त्याच्या पोटातून आवाज घुमला, "मग पुढं? मग पुढं?" तो पैलतीरच्या गढीतही ऐकू गेला, असं म्हणतात. नाईकाचे स्वार तरी कोण? आधीच्या दसऱ्यांना नेलेली आपलीच पोरं! ती घोड्यांवरून उतरली, भाले टाकले आणि पंगतीला बसावं तशी धुळीत येऊन बसली.

नाईकाच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुझा दादा पहिल्याच लढाईत गेला रे, पोरा," एवढं खरं तो बोलला आणि रिकाम्या हातानं परतला. येसूनं आईला मिठी मारली आणि दोघं रडली. डोळे पुसत गौराईनंही विचारलं, "मग पुढं?" त्यानंतर लढायला कुणी मिळेना. दोन्ही गढ्या ओस पडल्या आणि आज तिथं वटवाघळं सुखानं नांदतात.

करवंदीत अजून दसऱ्याला शस्त्रं पूजत नाहीत. तो नगारा शाळेत उलटा टांगलाय, त्यात पोरं चिंचोके ठेवतात. पाहुणा भाषणाला उभा राहिला की पोरं "मग पुढं?" म्हणून त्याला घाम फोडतात. मग नवं पोर धुळीत पहिलं अक्षर काढतं आणि त्याची आई वाकून विचारते, "मग पुढं?"

येसूनं त्या दिवशी गौराईला जे सांगितलं, तेच ते पोर गावभर ऐकू जाईल असं ओरडून सांगतं, "आई, उद्या पण शाळा!"