चोचीतली काडी

त्या जाळीत सगळ्यांना बोलता येतं, असं ज्यानं पहिल्यांदा सांगितलं त्यानं थाप मारली, आणि ज्यांनी माना डोलावल्या त्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या पोसली.

जाळी करवंदीची होती आणि तिच्यात सातभाई पाखरांचा एक थवा राहत असे. सातभाई एकटे काहीच करत नाहीत. एकानं पान उलथलं की बाकीचे त्याखाली डोकावतात, एकानं पंख विंचरले की सगळ्यांना खाज सुटते. बोलण्याचंही तसंच. एकानं सुरुवात करायची, उरलेलं थव्यानं पुरं करायचं. याला ते साथ म्हणत. आपल्याइतकी साथ दुसऱ्या कुठल्याच पाखरांत नाही, याचा त्यांना फार अभिमान होता.

या साथीचा सगळ्यात मोठा लाभ भुरामामाला मिळे. भुरामामाचा आवाज पहिल्याच अक्षरावर अडायचा. तो ‘कि... कि...’ करू लागला की थवा एका सुरात ‘किडा!’ म्हणायचा आणि कुणीतरी धावत जाऊन त्याच्यापुढे किडा टाकायचा. मामा थोडा वेळ किड्याकडे बघायचा. मग खायचा. “बघा, किती आवडतो त्याला!” म्हणत थवा समाधानानं पुन्हा पानांकडे वळायचा.

उन्हाळा सरताना तरुण पाखरांनी वाळक्या फांदीवर बसून आपण कुठलं काम करणार ते थव्याच्या थोरल्याला सांगायचं, अशी रीत होती. सगळ्यात मान पहाऱ्याला. शेंड्यावर बसायचं आणि शिक्रा दिसला की ओरडायचं. यंदाच्या तरुणांत झिपरीचा आवाज धारदार, त्यामुळे ती पहाऱ्यावर बसणार हे तिच्या आईनं सगळीकडे सांगूनही टाकलं होतं.

“मला—” झिपरीनं चोच उघडली.

“पहारा!” थवा म्हणाला.

“नाही. मला ओढ्यापलीकडे—”

“ओढ्यापलीकडचा पहारा!”

“अरे, ऐकून तरी घ्या!” झिपरी अशी किंचाळली की दोघं शिक्रा आला समजून जाळीत घुसले.

त्या गडबडीत तिला पुरं बोलायला मिळालं. ओढ्यापलीकडे एक दयाळ पक्षी राहतो. ज्यांचा आवाज अडतो अशा पिलांपाशी तो रोज बसतो. एकदा थव्याबरोबर तिकडे गेली असताना ते काम तिनं पाहिलं होतं. तिला त्याच्याकडे जाऊन ते शिकायचं होतं आणि परत येऊन इथं करायचं होतं.

“अडलेल्यांपाशी बसून करायचं काय?” थोरल्यानं विचारलं.

“थांबायचं.”

थवा इतका हसला की पिकली करवंदं गळून पडली.

“थांबायला शिकावं लागतं होय गं?”

“आणि बोलायला कोण शिकवतं? ते आपोआप येतं!”

आई मात्र हसली नाही. “मोडका पंख बसवणारे असतात, ते तरी समजतं. तुझं काम काय म्हणून सांगू मी चारचौघांत?”

थोरल्याच्या परवानगीशिवाय जाणं शक्य नव्हतं. एकटा सातभाई म्हणजे शिक्र्याचा घास. ओढा ओलांडायचा तर थवा सोबत हवा, आणि थवा थोरल्याच्या शब्दावर उडे.

“आधी मामाला बोलतं करून दाखव,” थोरला म्हणाला. “ऊन चढायच्या आत.”

“पण मी अजून शिकलेच नाही!”

“जमत नाही, तर मग शिकतेस कशाला?”

झिपरी चरफडत मामापाशी जाऊन बसली. थवाही भोवती बसला. गप्प राहायचं ठरलं होतं, म्हणून प्रत्येक जण शेजाऱ्याला गप्प राहायला सांगत होता.

“कि...” मामानं सुरुवात केली. “कि... कि...”

त्याची मान फुगली, डोळे मिटले गेले. ऊन एका फांदीवरून दुसरीवर सरकलं. आणि ज्या झिपरीला सगळ्यांचा संताप येत होता, तिलाच राहवलं नाही.

“किडा?” ती म्हणाली.

मामानं डोळे उघडले आणि तोंड फिरवलं. इतक्या वर्षांत त्यानं कुणाकडे पाठ केली नव्हती.

स्वतःचीच जीभ टोचून काढावी असं तिला झालं. तिनं खालून एक वाळकी काडी उचलली, चोचीत आडवी धरली आणि पुन्हा मामासमोर येऊन बसली.

“घ्या! मामाचं सुटायचं राहिलं बाजूला, हिचंच बंद झालं!” थवा खिदळला.

झिपरीला उत्तर देता येईना. काडी त्यासाठीच होती.

मामा त्या काडीकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं डोळे न मिटता पुन्हा सुरुवात केली. “कि... कि... किती बोलता रे तुम्ही!”

थोरल्यानं लगेच पंख फडफडवले.

“बघा! आलं की नाही आपोआप?”

“आपोआप! आपोआप!” थवा नाचू लागला.

“मग आता ओढ्यापलीकडे जायची गरजच उरली नाही,” थोरला झिपरीला म्हणाला. “उद्यापासून शेंड्यावर बस.”

झिपरीनं ओरडायला चोच उघडली. काडी खाली पडली. पण तोवर थव्यानं तिचं वाक्य पुरंही केलं होतं. “पहारा!” तिची आई सगळ्यांत मोठ्यानं म्हणाली.

मामा टुणटुणत खाली उतरला. त्यानं ती काडी शोधली, उचलली आणि सगळ्यांच्या मधून वाट काढत थोरल्याच्या फांदीवर गेला. तिथं त्यानं काडी पायाखाली धरली.

“जा...” तो म्हणाला. “जा...”

“जांभू—” थोरल्यानं साथ द्यायला चोच उघडली. मामानं काडी उचलून त्या उघड्या चोचीत आडवी बसवली.

थोरला सुरुवात करेना, म्हणून थव्यालाही पुरं करायला काही सापडेना. करवंदीची पानं एकमेकांना घासतात तेव्हा आवाज होतो, हे त्या दिवशी पुष्कळांना पहिल्यांदाच कळलं. मामानं हवा तेवढा वेळ घेतला.

“जा... जाऊ दे तिला.”