गोंदणवाडीच्या माळावरचं दार

गोंदणवाडीच्या माळावर एक दार उभं आहे. चौकट आहे, फळ्या आहेत, कडी आहे; भिंत मात्र कुठल्याच बाजूला नाही. पाहुणे हसतात आणि बाजूनं वळसा घालून जायला बघतात. गावातलं म्हातारं माणूस त्यांना सावकाश मागं बोलावतं आणि मग सांगतं ते असं.

फार पूर्वी एका सरदाराला आपल्या घोड्यांसाठी कुरण हवं होतं. त्यानं इथली वस्ती जाळली आणि माणसं ओढ्यापलीकडं हाकलली. मातीच्या भिंती पावसानं विरघळल्या, वर गवत माजलं. पुढं म्हणे वरून हुकूम आला, की ज्याचं घर इथं होतं असं दिसेल, त्याला जागा परत द्यावी. सरदाराचा कारभारी माळावर येऊन म्हणाला, "इथं कधी घरं नव्हतीच. घोडी होती."

माणसं माघारी वळू लागली. गोजरा नावाची एकटी बाई तेवढी खुरपं घेऊन गवतात बसली. आपला उंबरा कुठं होता, ते तिच्या पायांना ठाऊक होतं.

तिचा दीर सिदबा म्हणाला, "वैनी, चला आता. माती उकरून घर निघतंय व्हय?"

"घर नाय निघत, भावजी. पर घराचं कायतरी निघंल."

निघाला तो गंजलेल्या लोखंडाचा एक गोळा. कारभाऱ्यानं तो उचलून सगळ्यांना दाखवला. "ही आमची घोडी बांधायची मेख. बाईनं आमचाच पुरावा काढून दिला." सिदबानं कपाळाला हात लावला. गोजरानं मात्र ते लोखंड मागून घेतलं आणि दगडावर घासत बसली. गंज गळाला तसं वरचं कडं दिसलं, खालचे दोन पाय दिसले. दोन्ही पायांची टोकं बाहेरच्या अंगाला वळवून ठोकलेली होती.

"कारभारी," ती म्हणाली, "ह्यो दाराचा कोयंडा हाय. लाकडातनं आरपार घालून मागं टोकं वळवत्यात, म्हंजी उपटत नाय. मेख तर भुईत जाती. तिची टोकं वळवाया तुमचा मोतद्दार भुईखाली गेलता का?"

घोडी सांभाळणारा मोतद्दारच आधी हसला. कारभारी लाल झाला. "एवढ्या लोखंडावर गाव वसत नाही."

"गाव ऱ्हाऊ द्या. मी बसते."

सिदबाला लाज वाटली. त्यानं बाभळीची चौकट आणि फळ्यांचं दार करून दिलं. गोजरानं तोच कोयंडा टोकं सरळ करून आरपार घातला, मागं टोकं पुन्हा वळवली, दार लावून घेतलं आणि उघड्या आभाळाखाली मागं चूल मांडली. कारभाऱ्यानं तिच्यावर घोडी सोडली. घोडी म्हणे दारापर्यंत आली आणि थांबली. बाजूला सगळा माळ मोकळा, पण पुढं भिंत असावी तशी अडली. चाबूक मारले तरी हलेनात. शेवटी कारभारी स्वतः आला. त्याचाही घोडा तिथंच अडला. तो चिडून उतरला, तरातरा दाराशी गेला आणि त्यानं कडी वाजवली.

"कोण हाय?" गोजरानं भाकरी थापता थापता विचारलं.

"मी कारभारी. गोजराबाई, घरात आहात का?"

ओढ्यापलीकडं उभ्या असलेल्या साऱ्या वस्तीनं ते ऐकलं. कारभाऱ्यालाही आपण काय बोललो ते कळलं, पण शब्द सुटून गेला होता.

"घरातच हाय," गोजरा म्हणाली. "भाकरी हुईस्तवर उंबऱ्याबाहेर थांबा."

आणि तो थांबला, असं सांगतात. तेवढ्यात माणसं ओढा उतरून आली, ज्यानं त्यानं आपापल्या जागी उकरायला घेतलं.

आजही गोंदणवाडीत नव्या घराची भिंत आधी उठत नाही, चौकट उठते. सुतार कोयंडा आरपार घालतो आणि हातोडा घरच्या बाईकडं देऊन बाजूला होतो. टोकं ती वळवते, पुन्हा कुणाला उपटता येऊ नयेत अशी.